अपंग स्वाराचा घोडा कोणी घडवावा?

घोड्याच्या अंगी उपजत असलेल्या चालींना शिक्षणाने असे वळण लावावयाचे, की स्वाराच्या देहाकडून इतरांच्या दृष्टीसही न पडणारी सूचना मिळताच त्याने गती बदलावी, वळावे, आडवे पाऊल टाकावे अथवा चारी पायांवर सारखा भार घेऊन निश्चल उभे राहावे, या विद्येला ड्रेसाज म्हणतात. या विद्येत स्वाराच्या पायांना मोठे महत्त्व आहे. पोटरीचा किंचित दाब, टाचेचा स्पर्श आणि मांडीची पकड यांच्या द्वारे घोड्याला पुढे जाण्याची प्रेरणा मिळते. लगाम त्या प्रेरणेला आवर घालतो आणि आकार देतो. म्हणून ज्याच्या पायांत शक्तीच उरलेली नाही, ज्याला जन्मतः एक हात नाही, अथवा ज्याच्या स्नायूंना मेंदूची आज्ञा वेळेवर पोहोचत नाही, अशा मनुष्याने या विद्येत प्रावीण्य मिळविण्याची आणि जगाच्या स्पर्धेत उतरण्याची आकांक्षा धरावी, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास असंभाव्य वाटल्यास नवल नाही. ती असंभाव्य नाही, हे सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे; मात्र ती कशामुळे संभवते, याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही.

१९५२ सालच्या हेलसिंकीपूर्वी ऑलिंपिकच्या ड्रेसाज स्पर्धेत लष्करातील अधिकाऱ्यांखेरीज कोणासही प्रवेश नव्हता. त्या वर्षी मुलकी स्वारांना आणि स्त्रियांना प्रथमच मुभा मिळाली, आणि लिस हार्टेल या डॅनिश स्त्रीने त्याच वर्षी रौप्यपदक मिळविले. १९४४ साली, गर्भवती असताना, तिला पोलिओने गाठले होते. पुष्कळ परिश्रमांनंतर ती आधाराने चालू लागली, तरी गुडघ्यांखाली तिचे पाय निकामीच राहिले, आणि घोड्यावर चढण्याउतरण्यास तिला दुसऱ्याचे साहाय्य घ्यावे लागे. सुवर्णपदकाचा मानकरी, स्वीडनचा हेन्री सेंट सिर, याने तिला हात देऊन विजयमंचावर नेले. चार वर्षांनी, ऑस्ट्रेलियाच्या कडक क्वारंटाइनमुळे अश्वारोहणाच्या स्पर्धा मेलबर्नऐवजी स्टॉकहोमला भरल्या, तेव्हाही रौप्यपदक तिच्याकडेच आले.

या कथेत हार्टेलच्या धैर्याची स्तुती सर्वांनी केली, आणि ती यथार्थच आहे. परंतु तिच्याइतकाच ज्युबिली नावाच्या तिच्या घोडीचा विचार व्हावयास हवा होता. पोटरीच्या दाबावाचून, केवळ पाठीच्या कण्याची हालचाल आणि देहाच्या भाराचे इकडून तिकडे होणे यांवरून स्वाराचे मनोगत ओळखण्यास ही घोडी शिकली नसती, तर तेच धैर्य घराच्या चार भिंतींत राहिले असते, आणि त्याची वार्ता जगाला कधी कळलीही नसती. अपंगांच्या पराक्रमाकडे पाहण्याची आपली दृष्टी इथेच अपुरी पडते. आपण त्यांच्या मनोबलाचे गुणगान करतो, आणि त्या गुणगानाच्या भरात साधनाची तरतूद कोणी करावयाची हा प्रश्न दृष्टीआड होतो. माझे म्हणणे थोडक्यात असे, की अपंग स्वारासाठी योग्य घोडा बाजारात सापडत नसतो. तो घडवावा लागतो, आणि तो घडविण्याचा भार एकट्या स्वारावर अथवा त्याच्या कुटुंबावर टाकणे अन्यायाचे आहे.

घोडा घडवावा लागतो म्हणजे काय, हे समजण्यासाठी स्पर्धेचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. १९९६ साली अटलांटा येथे पॅरालिंपिकमध्ये अश्वारोहणाचा समावेश झाला, तो केवळ ड्रेसाजच्या रूपाने. स्वाराच्या स्नायूंचे बळ, सांध्यांची हालचाल आणि अवयवांवरील ताबा यांची तपासणी करून त्याला पाच श्रेणींपैकी एक दिली जाते. पहिल्या श्रेणीत, जिथे व्यंग सर्वांत तीव्र असते, केवळ साधी चाल दाखवावयाची असते. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणींत तिला दुडकीची जोड मिळते. चौथ्या व पाचव्या श्रेणींत कँटर ही दुडकीहून वेगवान चालही येते आणि आडव्या चालींची कठीण कामे येतात. प्रत्येक कामाला शून्यापासून दहापर्यंत गुण देतात, आणि गुण देताना पंचांनी स्वाराचे व्यंग नव्हे तर घोड्याचे काम पाहावयाचे असते. ज्याला पाय वापरता येत नाहीत त्याला दोन चाबूक बाळगण्याची, ज्याच्या हाताला पकड नाही त्याला लगामाला फासे लावून घेण्याची, अथवा रिकिबीत पाय रबरी पट्ट्यांनी धरून ठेवण्याची परवानगी असते. आणि अंध स्वारासाठी मैदानाच्या कडेच्या अक्षरांपाशी माणसे उभी राहून हाका देतात.

वाचकांपैकी पुष्कळांना असे वाटेल, की अशा स्वाराला सर्वांत गरीब स्वभावाचा, कशानेही न बिथरणारा घोडा दिला म्हणजे काम झाले. उपचार म्हणून घोड्यावर बसावयाचे असेल तर ते खरे आहे. स्पर्धेत मात्र हाच घोडा मागे पडतो. पहिल्या श्रेणीचेच पाहा: तिथे साध्या चालीवाचून दुसरे काही दाखवावयाचे नसल्यामुळे ती चाल दिसण्यास साधी असली तरी परीक्षेस अत्यंत कठोर ठरते. चार पावलांचा ठेका स्वच्छ, समान आणि अखंड हवा. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पलीकडे पडावा. मान मोकळी, पाठ हलती आणि पुढे जाण्याची उत्सुकता प्रत्येक पावलात दिसावी. आळशी, निरुत्साही घोड्याला हे जमत नाही, आणि त्याला टाच देऊन जागे करणे स्वाराच्या हाती नसते. उलट, ज्याच्या अंगात तेज भरपूर आहे आणि ज्याची दुडकी पाहणाऱ्याचे भान हरपून टाकते, त्याच्या पाठीचा उसळता हिसका दुबळ्या कंबरेच्या स्वाराला खोगिरात स्थिर बसू देत नाही. पुढे जाण्याची ओढ स्वतःच्या मनातून यावी, आणि तरीही ती कधी उधळू नये, असे हे दुर्मिळ मिश्रण आहे.

त्यातही एका स्वाराला योग्य असलेला घोडा दुसऱ्याला योग्य असेलच असे नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याच्या मांड्यांचे स्नायू आखडतात, त्याला रुंद छातीपोटाच्या घोड्यावर पाय फाकून बसणे यातनामय होते. त्याला निमुळत्या बांध्याचा घोडा हवा. ज्याचा तोल एका बाजूस ढळतो, त्याला ती विषमता मुकाट्याने सावरून घेणारा आणि तिला वळण्याची सूचना न समजणारा घोडा हवा. ज्याचे पाय अकस्मात झटके देतात, त्याला खरी सूचना आणि निरर्थक झटका यांतील भेद ओळखणारा घोडा हवा. चाकांच्या खुर्चीतून उताराच्या चौथऱ्यावर, आणि तिथून यंत्राच्या किंवा माणसांच्या साहाय्याने खोगिरात बसेपर्यंत, घोड्याने एक पाऊलही हलविता कामा नये. कारण अर्धवट बसलेल्या स्वाराला अशा वेळी स्वतःचा बचाव करता येत नाही. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, अशा घोड्याला दोन भाषा याव्या लागतात. त्याचे स्नायू सुदृढ राहावेत म्हणून सप्ताहातील काही दिवस धडधाकट चाबूकस्वार त्याला नेहमीच्या रीतीने, पायांच्या दाबाने चालवितो. उरलेल्या दिवशी त्याने चाबकाचा हलका स्पर्श, तोंडाने काढलेला आवाज आणि कंबरेचा कल यांवरून तेच काम तितक्याच तत्परतेने करावयाचे असते.

ब्रिटनच्या नताशा बेकर यांच्या घोड्याचे उदाहरण इथे बोलके आहे. बालपणीच्या मज्जारज्जूच्या विकारामुळे त्यांना पायांनी सूचना देता येत नाही. म्हणून कॅब्राल या घोड्याला आवाज आणि बैठक यांवर चालण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि या जोडीने २०१२ साली लंडनमध्ये आणि नंतर रिओतही सुवर्णपदके मिळविली. त्यांचे देशबांधव ली पीअरसन यांचे हातपाय जन्मतःच सांध्यांच्या विकाराने जखडलेले आहेत; पॅरालिंपिकची चौदा सुवर्णपदके त्यांच्या नावावर आहेत. त्यांपैकी शेवटची तीन, टोकियोतील, त्यांनी ब्रीझर नावाच्या ज्या घोड्यावर मिळविली, तो त्यांच्याच तबेल्यात जन्मलेला आणि त्यांच्याच सहवासात वाढलेला होता. शिंगरू जन्मल्यापासून त्याच्यावर स्पर्धेत बसेपर्यंत जी वर्षे जातात, ती कोणत्याही रकमेने विकत घेता येत नाहीत. कृत्रिम पाय मापाने बनवून घेता येतो. परंतु घोडा हा सजीव प्राणी असल्यामुळे त्याला स्वतःचे मन, स्वतःची भीती आणि स्वतःची आवडनिवड असते, आणि परस्परांवरचा विश्वास दोघांच्याही बाजूने उत्पन्न व्हावा लागतो.

या स्पर्धेच्या आरंभीच्या काळात स्वारांना स्वतःचा घोडा न्यावा लागत नसे. अटलांटा आणि सिडनी येथे यजमानांनी पुरविलेल्या घोड्यांवर सर्वांनी काम केले. २००४ साली अथेन्सला स्वारांनी प्रथम आपले घोडे बरोबर आणले. या बदलामुळे स्पर्धेचा दर्जा पुष्कळ वाढला. थोड्याच दिवसांच्या परिचयाच्या घोड्यावर ज्या गोष्टी केवळ निभावून न्याव्या लागत, त्या आता कलेच्या पातळीवर पोहोचल्या, आणि घोड्याच्या दृष्टीनेही अनोळखी, अस्थिर स्वार अकस्मात पाठीवर येण्याचे संकट टळले. परंतु याच बदलाने श्रीमंत आणि दरिद्री देशांमधील अंतर वाढविले, हेही मान्य केले पाहिजे. ज्या देशात घोडा घडविणारी संस्था आहे, निधी आहे आणि आपला उत्तम घोडा दुसऱ्याच्या स्वाधीन करणारा उदार मालक आहे, तोच देश या स्पर्धेत टिकतो.

ब्रिटनने या स्पर्धेत यश कसे मिळविले, ते पाहण्यासारखे आहे. तिथे १९६९ पासून अपंगांच्या अश्वारोहणासाठी एक राष्ट्रव्यापी संस्था असून तिच्या गावोगावच्या शाखा स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. लॉरेन्शिया टॅन ही सिंगापूरची मुलगी बालपणी आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेली. मेंदूचा पक्षाघात आणि बहिरेपण अशी दोन्ही व्यंगे असल्यामुळे पाचव्या वर्षी तिला व्यायामोपचार म्हणून घोड्यावर बसविण्यात आले, आणि २००८ साली तिने सिंगापूरला त्याची पहिली दोन पॅरालिंपिक पदके मिळवून दिली. ज्या देशाकडे घोडे चरावयास पुरेशी भूमीही नाही, त्याला हा मान मिळाला तो अन्य देशात आधीच उभ्या असलेल्या व्यवस्थेच्या जोरावर. तिच्यासारखी मुले आपल्याकडे नाहीत असे कोण म्हणेल? आपल्याकडे नाही ती व्यवस्था.

महाराष्ट्राला तर अशी व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. शिवकालीन घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग होते. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद यांची नेमणूक असे. म्हणजे पदरी घोडा नाही एवढ्याच कारणाने कोणा गुणी माणसाची मांड वाया जाऊ नये, याची तजवीज राज्याने केली होती; एवढेच नव्हे तर घोड्याच्या पाण्याची आणि नालाची चिंताही स्वारावर सोडली नव्हती. आजचा अपंग स्वार मात्र शिलेदारच असावा, अशी अपेक्षा आपण करतो. घोड्याची किंमत, दाणावैरण, मोतद्दार, पशुवैद्य, नालबंद, चाबूकस्वार आणि प्रवास या सर्वांचा बोजा, औषधोपचारांनी आधीच वाकलेल्या कुटुंबाने उचलावा, अशी ही अपेक्षा आहे. पोहणाऱ्याने स्वतःचा तलाव खणून आणावा असे आपण कधी म्हणत नाही. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले; त्यांनीही तलाव स्वतः खणून आणला नव्हता. मग घोड्याच्या बाबतीतच वेगळा न्याय का असावा?

भारतात ड्रेसाजला नुकतेच बरे दिवस आले आहेत. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने या प्रकारात सुवर्णपदक मिळविले, आणि अश्वारोहणातील ४१ वर्षांचा सुवर्णाचा दुष्काळ संपविला. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. पुढच्याच वर्षी अनुष अगरवाला याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. परंतु या तरुणांना वर्षानुवर्षे युरोपात राहून तिथल्याच घोड्यांवर शिक्षण घ्यावे लागले, हे विसरता येत नाही. टोकियो आणि पॅरिस येथील पॅरालिंपिकमध्ये भारताने यापूर्वी कधी मिळविली नव्हती इतकी पदके मिळविली, तरी त्या दोन्ही पथकांत एकही घोडेस्वार नव्हता. भारतातील घोडे परदेशी नेण्याच्या मार्गात रोगप्रतिबंधक नियमांचा मोठा अडसर होता. २०२५ साली मेरठ छावणीतील लष्करी अश्वकेंद्राला अश्वरोगमुक्त कक्ष म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाल्यामुळे तोही आता दूर होऊ लागला आहे.

तेव्हा आरंभ कुठून करावा? मी पुण्याचे नाव सुचवितो. खडकी येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना अश्वारोहण शिकविण्यासाठी घोडे आणि शिक्षक आहेत. शहराच्या मध्यभागी शर्यतीचे मैदान आहे, आणि शर्यतीतून लहान वयातच निवृत्त होणाऱ्या घोड्यांपुढे आयुष्याची पुष्कळ वर्षे शिल्लक असतात. वेगासाठी पैदास झालेल्या या घोड्यांपैकी बहुतेक अतिसंवेदनशील असतात, आणि अपंग स्वाराच्या कामी येणार नाहीत, हे उघड आहे. परंतु त्यांचा बांधा निमुळता असतो, कित्येकांची साधी चाल लांब व मोकळी असते, आणि शांत स्वभावाचे मोजके घोडे पारखून काढले, त्यांना दोनतीन वर्षे घाई न करता शिकविले, तर त्यांतून काही कायमचे उपयोगी पडतील. जायबंदी सैनिक, घोडे आणि घोड्यांचे जाणकार हे सर्व एकाच शहरात असता त्यांना जोडणारी एक लहानशी सार्वजनिक पागा तिथे असू नये, ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

या पागेतील घोडा कोणा एका स्वाराच्या मालकीचा नसावा. परंतु एकदा जोडी जमली, म्हणजे ती स्पर्धेच्या काळात मोडू नये, असा नियम असावा. स्वाराची निवड पदकाच्या आशेने नव्हे तर तज्ज्ञ वैद्यांच्या संमतीने व्हावी. कारण ज्याच्या त्वचेला संवेदना नाही त्याला खोगिराच्या दाबाने जखमा होण्याचा धोका असतो, आणि प्रत्येकाने घोड्यावर बसावेच असा आग्रह धरणे हेही अविचाराचे होईल. खर्चाबद्दल म्हणावे, तर २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या अनुसूचीत पॅरालिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३० ने दिव्यांगांच्या क्रीडासहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कायद्याची तरतूद आहे. हवी आहे ती दरखास्त आणि तिची अंमलबजावणी.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की ज्या देशात कित्येक शाळांना उताराचा मार्ग नाही आणि कित्येक अपंगांना चाकांची खुर्ची मिळत नाही, तिथे घोड्यांवर द्रव्य खर्चणे ही चैन आहे. खुर्चीचा हक्क आधीचा आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु एका हक्काची पूर्तता राहिली म्हणून दुसरा हक्क नाकारावयाचा, हा न्याय आपण धडधाकट खेळाडूंना कधी लावत नाही. शिवाय घोड्याच्या चालीने स्वाराच्या कंबरेला जी हालचाल मिळते, ती माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी मिळतीजुळती असते. म्हणून ज्याला चालता येत नाही त्याच्या देहाला घोड्याच्या पाठीवर जे लाभते, ते खुर्ची देऊ शकत नाही. एक घोडा स्पर्धेसाठी तयार होत असता त्याच्या आगेमागे इतर घोडे उपचाराच्या कामाला लावता येतात, आणि त्यांचा लाभ ज्यांना स्पर्धेत कधीच उतरावयाचे नाही अशा मुलांनाही होतो.

दुसरा आक्षेप घोड्याच्या बाजूचा आहे. आपल्या इच्छेने न आलेल्या मुक्या प्राण्यावर अस्थिर स्वाराचा भार का लादावा, असे कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच, की ज्या घोड्याला हे काम मनापासून रुचत नाही, त्याच्याकडून ते चांगले होतच नाही. कान मागे टाकून, पाठ ताठ करून, शेपूट झटकीत चालणाऱ्या घोड्याला पंच गुण देत नाहीत. म्हणून पागेत प्रत्येक घोड्याला नकार देण्याचा अधिकार असावा: त्याला न मानवणाऱ्या स्वारापासून त्याला मुक्त करावे, त्याच्या श्रमांना मर्यादा असावी, आणि म्हातारपणी त्याच्या चाऱ्यापाण्याची व्यवस्था प्रारंभीच लेखी करून ठेवावी. ज्या समाजाने आपल्या अपंगांना प्रतिष्ठा द्यावयाचे ठरविले, त्याने त्यांना वाहून नेणाऱ्या प्राण्याशी निष्ठुरपणे वागावे, हे परस्परविरोधी होईल.

२०३६ चे ऑलिंपिक आपल्या देशात भरावे, अशी इच्छा भारताने जाहीर केली आहे, आणि ऑलिंपिकच्या पाठोपाठ त्याच मैदानांवर पॅरालिंपिक भरतात. तो योग आला, तर अपंगांच्या ड्रेसाजसाठी भारताच्या नावाने कोण उभे राहणार, याचा निर्णय त्या वर्षी होणार नसून आज होणार आहे. कारण त्या वेळी दहाबारा वर्षांचा असेल असा घोडा नुकताच कुठेतरी जन्मला असेल किंवा लवकरच जन्मेल, आणि त्याच्यावर बसावयाची मुलगी आज शाळेत जात असेल. तिच्या अंगी जिद्द असेल की नाही याची चिंता आपण करू नये. जिद्द तिची ती आणील. घोडा मात्र तिला एकटीला आणता येणार नाही. तो आणण्याचे, शिकविण्याचे आणि सांभाळण्याचे दायित्व लष्कराने, शर्यतीच्या संस्थांनी, उद्योगपतींनी आणि राज्याच्या क्रीडाखात्याने मिळून पत्करावे, आणि त्याची पहिली दरखास्त महाराष्ट्राच्या क्रीडाखात्याने याच वर्षी मांडावी.